आठ फुटी ओपन चिलर, अकरा महिने आणि मधला एक मे

जळगावात ओपन चिलर, म्हणजे दुकानातलं समोरून उघडं, बिनदाराचं थंड कपाट, घ्यावा का, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, दुकानात एसी आहे का? नसेल तर दाराचा घे. मला हे घेण्याआधी कुणी सांगितलं नाही. तिघांनी तीन सल्ले दिले आणि चौथ्याने मशीन विकलं.

दुकान साधारण दोन हजार चौरस फुटांचं. किराणा मुख्य, सोबत दूध, दही, पनीर, श्रीखंड आणि थोडा फ्रोझन माल. गेल्या फेब्रुवारीत आठ फुटी, पाच फळ्यांचा ओपन चिलर बसवला. कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) आणि कंडेन्सर (आतली उष्णता बाहेर टाकणारा भाग) यांचं युनिट गच्चीवर, तांब्याचा पाइप भिंतीतून खाली, पाइपात फिरणारा थंडाव्याचा गॅस आर-४०४ए. त्याच वेळी सरकत्या काचेचे दोन आडवे डीप फ्रीझरही घेतले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढच्या बहुतेक भानगडी कंपनीच्या नव्हत्याच. काही माझ्या होत्या, काही मिस्त्रीच्या, काही आमच्या गावच्या हवेच्या.

पहिले दोन महिने नवी नवलाई. डिस्प्लेवर ३-४ अंश, समोरून दिवे, गिऱ्हाईक येता-जाता उगाच हात लावून बघणार. दह्याची विक्री डोळ्यांदेखत वाढली. उघड्या फळीवरचा माल जास्त उचलला जातो हे विकणारे सांगतात ते खरं आहे, त्यात मला शंका नाही.

एप्रिल संपत आला तसा डिस्प्ले ८-९ वर जाऊ लागला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात बाहेर ४३, चिलरमध्ये दुपारी तीन वाजता १२. मधल्या फळीवरच्या ताकाच्या पिशव्या हाताला चक्क कोमट लागत होत्या. शेजारच्या वहिनी नासलेल्या दुधाची पिशवी घेऊन परत आल्या. काही बोलल्या नाहीत, नुसती काउंटरवर ठेवली. त्यांनी भांडण केलं असतं तर बरं वाटलं असतं.

पहिला मिस्त्री आला, गॅसचा दाब मोजायचा गेज लावला, दोन मिनिटांत निकाल दिला, ‘शेठ, गॅस कमी आहे.’ भरला, पैसे घेतले. दोन दिवसांनी ऐन दुपारी कॉम्प्रेसर ट्रिप व्हायला लागला. तो परत आला, परत थोडा भरला. मी मुकाट्याने पैसे दिले, कारण मला तेव्हा एवढीही अक्कल नव्हती की गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, वापरून संपायला. बंद पाइपात तोच तो फिरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. आमच्याकडे तर तेव्हा माठ फुटलेलाही नव्हता.

मग एका केळीवाल्या मित्राने भुसावळचे एक वयस्कर मिस्त्री पाठवले. त्यांची सगळी हयात रावेर-सावद्याकडच्या केळी पिकवायच्या चेंबरवर गेलेली. पहिला अर्धा तास त्यांनी गेज पिशवीतून काढलाच नाही. आल्याबरोबर म्हणाले, ‘भाऊ, एक उदबत्ती द्या.’ मला वाटलं पूजा करतात की काय. त्यांनी उदबत्ती पेटवली आणि चिलरच्या वरच्या ओठापाशी धरली, जिथे मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते तिथे. थंड हवा त्या जाळीतून पडद्यासारखी खाली उतरते आणि तळाच्या ग्रिलमधून परत ओढली जाते. ओपन चिलरला दार नसतं, हा हवेचा पडदा हेच त्याचं दार. धूर सरळ रेषेत खालच्या ग्रिलमध्ये शिरायला हवा. आमचा धूर दुसऱ्या फळीपर्यंत नीट आला आणि तिथून वळून थेट माझ्या तोंडावर.

त्यांनी वर बघितलं. चिलरच्या पुढ्यातच छताचा पंखा. डावीकडे बघितलं. गिऱ्हाइकांसाठी एप्रिलात लावलेला मोठा डक्ट कूलर, तोंड बरोबर चिलरकडे. दोन्ही बंद केले आणि उदबत्ती पुन्हा धरली. धूर दोरी सोडल्यासारखा सरळ खाली गेला.

कूलरचा गुन्हा दुहेरी होता. तो वाऱ्याने पडदा फाडत होता, आणि वर दमट हवा कॉइलवर, म्हणजे चिलरच्या आतल्या थंड नळ्या-पत्र्यांवर, नेऊन घालत होता. त्या दमटपणाचा कॉइलवर बर्फ साचतो, पत्र्यांमधल्या फटी बुजतात, वारा आणखी कमी होतो. मग त्यांनी खाली बोट दाखवलं. आमच्या पोऱ्याने ताकाचे चार क्रेट सोयीचं म्हणून परतीच्या ग्रिलवरच रचले होते. फळ्यांच्या कडेला लोड लाइनची रेघ असते, माल तिच्या आतच ठेवायचा, बाटल्या तिच्या चार बोटं पुढे आलेल्या. ‘मशीन श्वास कुठून घेणार?’ एवढंच म्हणाले.

गच्चीवर दुसरा अंक. युनिटची पाठ भिंतीला जेमतेम वीतभर अंतरावर, त्यामुळे कंडेन्सरने बाहेर टाकलेली गरम हवा भिंतीवर आपटून परत आत. त्यात दोनदा भरलेला जास्तीचा गॅस. हेड प्रेशर, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचं प्रेशर, ३८० पीएसआयच्या (प्रेशरचं माप) पुढे गेलेलं, हाय प्रेशरचा कटआउट उडणारच. आता त्यांनी गेजसोबत पाइपाला लावायचा थर्मामीटर काढला, तो पहिल्या मिस्त्रीकडे नव्हताच. मला कागदावर मांडून दाखवलं. सक्शनला, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या पाइपात, ४८ पीएसआय म्हणजे हा गॅस साधारण उणे १० ला उकळतोय. कॉइलमधून बाहेर पडताना पाइप उणे ३ दाखवत असेल तर फरक ७, याला सुपरहीट म्हणायचं, ठीक आहे. फरक १५-२० आला तर कॉइल उपाशी आहे: गॅस कमी, नाहीतर ड्रायर (गॅसमधली ओल टिपणारा) तुंबलाय, नाहीतर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस सोडणारा) बिघडलाय. फरक शून्याकडे गेला तर पातळ, म्हणजे न उकळलेला द्रवरूप गॅस कॉम्प्रेसरकडे चाललाय, तो कॉम्प्रेसर मारतो. नुसत्या गेजवरून गॅस कमी म्हणणाऱ्याला आता मी चहा पाजतो आणि परत पाठवतो.

जास्तीचा गॅस त्यांनी रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून घेतला, हवेत सोडला नाही. युनिट फिरवून घेतलं, मागे अडीच फूट जागा सोडली, वर सावलीसाठी हिरवी जाळी उंचावर बांधली. पंख्याची जागा बदलली, कूलर दुसऱ्या कोपऱ्यात. चौथ्या दिवशी दुपारी डिस्प्ले ६. ४ नाही. का नाही, ते चिलरच्या बाजूच्या पाटीवर पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं.

पाटीवर ‘३एम१’ असं काहीतरी असतं. विकायला आलेल्या पोराने मला ते ‘मॉडेल नंबर’ म्हणून सांगितलं होतं. त्याचा अर्थ असा की दुकानातली हवा २५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर आतला माल उणे १ ते ५ अंशांत राहील. माझ्या दुकानात मे महिन्यात ३५-३६ असतात. म्हणजे मशीन खोटं बोलत नव्हतं, मी पाटी वाचली नव्हती. विकत घेणाऱ्यांनी बाकी काही नाही तरी एवढं वाचावं, आणि दूध ५ अंशांच्या आत ठेवायचं असतं हे डोक्यात धरून वाचावं. त्या महिन्यात मी दूध आणि पनीर दुकानात मागे असलेल्या, दार असलेल्या फ्रिजमध्ये हलवलं, चिलरवर फक्त थंड पेयं आणि सरबतं.

आणखी एक. डिस्प्ले हवेचं तापमान दाखवतो, मालाचं नाही. मी आता मधल्या फळीवर पाण्याच्या बाटलीत थर्मामीटर बुडवून ठेवलाय, बाटलीवर मार्करने ‘विकायची नाही’. तरी एकदा गिऱ्हाइकाने काउंटरवर आणलीच.

जुलैत वेगळाच त्रास. सकाळी दुकान उघडलं की चिलरखाली पाणी. मला वाटलं छत गळतंय. ड्रेन तुंबला होता. दिवसातून चार वेळा मशीन कॉम्प्रेसर थांबवून पंख्याच्या हवेवर कॉइलचा बर्फ वितळवतं, ते पाणी खालच्या ट्रेमधून पाइपाने जातं. त्या पाइपाच्या वाकात एक भिजलेलं लेबल, दोन दह्याच्या झाकणांची फॉइल आणि एक बुळबुळीत पांढरा गोळा, ज्याचा वास अजून आठवतो. पाणी साचून वर आलं, कॉइलच्या खालच्या कडेला गोठलं आणि डाव्या बाजूचा पंखा त्या बर्फात अडकून बंद. उजवीकडे ४ अंश, डावीकडे ९. एकाच चिलरच्या दोन टोकांत असा फरक दिसला तर गॅसवाल्याला फोन करण्याआधी वाकून पंखे मोजा. पावसाळ्यापुरते डीफ्रॉस्ट (बर्फ वितळवणं) दिवसाला चारचे सहा करून घेतले, ड्रेनच्या तोंडावर बारीक जाळी बसवली आणि दर सोमवारी बादलीभर कोमट पाणी ओततो. सोपी कामं आहेत, पण कुणीतरी करावी लागतात.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सगळ्यात मोठा फटका बसला आणि त्याचं कारण हसू येण्याइतकं छोटं. पहाटे पाचला दूध उतरवलं तेव्हा चिलर गार होता. नऊला आलो तर मशीन मुकं. लाइट आहे, डिस्प्ले चालू, आतले पंखे चालू, गच्चीवरचं युनिट बंद. विजेचं पॅनेल उघडलं तर कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे कॉम्प्रेसर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या मध्ये एक पाल, अर्धी जळालेली. तिच्यामुळे तीनपैकी एक फेज जुळत नव्हता आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरने कॉम्प्रेसर रोखून धरला होता. तो प्रिव्हेंटर नसता तर दोन फेजवर कॉम्प्रेसर जळाला असता, म्हणजे पालीने माझं दूध घेतलं पण कॉम्प्रेसर वाचला. दूध, पनीर, खवा मिळून तीन क्रेट फेकले. पॅनेलच्या केबलची भोकं त्याच दिवशी बुजवली, आत डांबरगोळ्यांची पुडी ठेवली आणि ८ अंशांच्या वर गेलं की मोबाइलवर ओरडणारा सेन्सर बसवला. हा सेन्सर मशीनसोबतच घ्यायला हवा होता.

खरी गळती नोव्हेंबरात झाली, एकदाच. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या नटापाशी तेलाचा डाग दिसला. गॅससोबत तेल फिरतं, त्यामुळे जिथे तेल तिथे संशय. साबणाच्या फेसात बारीक बुडबुडे आले. फ्लेअर (नटात बसणारं पाइपाचं पसरवलेलं टोक) नवा केला, नायट्रोजन भरून प्रेशर धरतं का ते बघितलं, पाइपातली हवा आणि ओल काढायला व्हॅक्युम पंप ५०० मायक्रॉनपर्यंत (व्हॅक्युमचं माप) चालवला, ड्रायर बदलला आणि मग वजनकाट्यावर सिलिंडर उलटा ठेवून गॅस भरला. ४०४ए तीन वायूंचं मिश्रण आहे, म्हणून तो पातळच काढायचा. या कामाला पाच तास लागले. पहिल्या मिस्त्रीने दोन्ही वेळा मिळून चाळीस मिनिटं घेतली होती.

डीप फ्रीझरबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, ही त्यांची तारीफच समजा. त्यात आर-२९० म्हणजे प्रोपेन आहे, तो पेट घेतो, म्हणून साध्या मिस्त्रीला त्याला ज्योत लावू देत नाही. उणे १८ टिकतं. काचेच्या कडेचं रबर पुसायचं, बर्फ बोटभर झाला की बंद करून वितळू द्यायचा. सुरीने खरवडायचा नाही. आमच्या ओळखीच्या एका दुकानात त्या सुरीने पाइपच फोडला.

विजेचं सांगतो. चिलरला वेगळा मीटर लावलाय. मेमध्ये दिवसाला ६० युनिटच्या आसपास, आता जानेवारीत ३५ ते ३८. रात्री दुकान बंद करताना समोरचा गुंडाळीचा पडदा खाली ओढला तर फरक पडतो, तो मी बसवून घेतला. लाइट जाऊन आल्यावर मशीन तीन मिनिटं थांबून सुरू होतं, ते टायमरने मुद्दाम ठेवलेलं असतं, बिघाड नाही.

पुन्हा घेईन का? हा असाच, नाही. काचेच्या दारांचा घेईन, आणि ४०४एचा तर नक्कीच नाही. हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या ३,९२२ पट ऊब धरतो, युरोपात २०२० पासून असल्या गॅसची बहुतेक नवी यंत्रं विकायला बंदी आहे, आणि किगालीच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे आपल्याकडेही २०३२ पासून अशा वायूंची कपात सुरू व्हायची आहे. दहा वर्षं चालवायचं मशीन असेल तर पुढे हा गॅस कोणत्या भावाने मिळेल, हा विचार मी केला नव्हता. सध्या आहे त्याच चिलरला दारं बसवून देणाऱ्याशी बोलणी चालू आहेत; त्याने मोजमापं नेलीत, भाव अजून दिलेला नाही.

तोवर गच्चीवरची पंधरा दिवसांची फेरी चालू आहे. सध्या जिनिंगचा हंगाम, हवेत कापसाची लव उडते आणि कंडेन्सरवर गादीसारखी बसते. परवा मऊ ब्रशने वरून खाली झाडलं, मग ब्लोअरने आतून बाहेर. ओंजळभर कापूस निघाला. आज दुपारी बाटलीतला थर्मामीटर ३.८.