‘द रेड शूज’ची फोर-के डिस्क: लाल रंगाचा हिशेब

१९४८चा ‘द रेड शूज’ हा बॅले नर्तकीवरचा ब्रिटिश सिनेमा विकत घ्यायला गेलं की एकाच नावाच्या तीन-चार आवृत्त्या समोर येतात आणि वेष्टनावरून त्यांच्यातला फरक काही कळत नाही. जुन्या ब्रिटिश डीव्हीडी आहेत, २००९च्या जीर्णोद्धारानंतर निघालेल्या ब्लू-रे आहेत आणि २०२१च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या क्रायटेरियन या कंपनीने काढलेला फोर-के आणि ब्लू-रे असा दोन डिस्कचा संच आहे. हे परीक्षण त्या संचाचं. पण या सिनेमाची डिस्क चांगली की वाईट हे ठरवायचं तर आधी तो कसा चित्रित झाला ते माहीत हवं. त्याशिवाय पडद्यावर काय शोधायचं हेच कळणार नाही.

मायकल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर यांनी हा सिनेमा टेक्निकलरच्या तीन निगेटिव्हांच्या पद्धतीने केला. छायाचित्रण जॅक कार्डिफचं. त्या अवजड कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन कृष्णधवल फिल्म धावत. भिंगातून आलेला प्रकाश लोलक दोन वाटांनी फोडायचा. एका वाटेवर हिरव्याची निगेटिव्ह एकटी असे. दुसऱ्या वाटेवर दोन फिल्म एकमेकींना चिकटून धावत, पुढची निळ्याची आणि तिच्या मागची लाल रंगाची. म्हणजे लाल रंगाच्या निगेटिव्हपर्यंत पोचणारा प्रकाश आधी दुसऱ्या फिल्मच्या थरातून गाळून येई. त्यामुळे तिन्हींत सर्वांत मऊ, सर्वांत कमी रेखीव नोंद लाल रंगाची होते. ज्या सिनेमाचा जीवच लाल बुटांत आहे, त्यात ही गोष्ट साधी नाही.

म्हणून फोर-के म्हटल्यावर बुटाच्या साटीनचा धागान्‌धागा दिसेल अशी अपेक्षा धरली तर निराशा होईल. तो दोष डिस्कचा नाही. रेखीवपणा शोधायचा तर नायिका झालेल्या मोइरा शियररच्या चेहऱ्यावरच्या रंगमंचीय रंगरंगोटीत शोधावा, ट्यूलच्या म्हणजे जाळीदार कापडाच्या झालरींत शोधावा, पडद्यांच्या विणीत शोधावा. तिथे ही डिस्क खरोखर श्रीमंत आहे.

आता निगेटिव्हांची अवस्था. त्या काळची नायट्रेट फिल्म वर्षागणिक आकसते आणि तिन्ही सारख्याच आकसत नाहीत. मग एकीवर दुसरी ठेवली की कडा जुळत नाहीत आणि पांढऱ्या वस्तूभोवती एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला निळसर-हिरवी किनार उमटते. त्यात मूळ निगेटिव्हांना बुरशी लागली होती. बुरशी जिलेटिनचा थरच खाते, त्यामुळे चित्रात लुकलुकणारे डाग आणि भेगा दिसतात. धुळीचंही असंच: एखादा कण फक्त लाल रंगाच्या निगेटिव्हवर असेल तर पडद्यावर लाल ठिपका दिसतो, हिरव्याच्या निगेटिव्हवर असेल तर हिरवा. जुन्या डीव्हीडीवर हे रंगीत ठिपके मधूनमधून चमकतात. टीव्ही बिघडला की काय, अशी शंका त्यावरूनच येते.

जीर्णोद्धाराचं काम २००६मध्ये सुरू झालं. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या चित्रपट संग्रहाने ते केलं, मार्टिन स्कोर्सेसी यांची फिल्म फाउंडेशन आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट सोबत होत्या आणि २००९च्या कान महोत्सवात नवी प्रत दाखवली गेली. कामाचा आवाका गणितातून कळतो. सिनेमा सुमारे १३४ मिनिटांचा. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर १ लाख ९२ हजार ९६० चौकटी होतात आणि प्रत्येक चौकट तीन निगेटिव्हांवर, म्हणजे एकूण ५ लाख ७८ हजार ८८०. एवढ्या चौकटी फोर-के दर्जाने स्कॅन करून, प्रत्येक तिकडी संगणकावर ताणून-आवळून एकमेकींवर बसवायची. प्रयोगशाळेतल्या जुन्या प्रकाशीय छपाईने हे शक्यच नव्हतं. तिथे अख्खी चौकट सरकवता येते, पण एकाच चौकटीचा कोपरा मध्यापेक्षा वेगळा ओढता येत नाही.

काम कसं उतरलंय ते तपासायला श्रेयनामावलीतली अक्षरं पाहावीत, खिडक्यांच्या पांढऱ्या चौकटी पाहाव्यात आणि नृत्यातला शियररचा पांढरा पोशाख पाहावा. पडद्याच्या मध्यावर नाही, कोपऱ्यांत. किनार उरली असेल तर ती तिथेच उरते. या संचात कोपरेही स्वच्छ आहेत. इतकी नेमकी जुळणी या पद्धतीच्या सिनेमांत फार थोड्या डिस्कवर दिसते.

साधारण १७ मिनिटांचा बॅले हा सिनेमाचा आणि या डिस्कचाही गाभा. हाइन हेक्रोथने रंगवलेले देखावे, रॉबर्ट हेल्पमनचं नृत्यदिग्दर्शन, बूट विकणाऱ्या चांभाराच्या भूमिकेतला लिओनिद मासिन. धुकं, काळोखातून उजळत जाणारे पडदे आणि निळ्यातून जांभळ्यात विरघळणाऱ्या छटा इथे आहेत. फोर-के डिस्कचा खरा फायदा इथे कळतो आणि तो चौकटीतल्या ठिपक्यांच्या संख्येचा नाही. साध्या ब्लू-रेवर प्रत्येक प्राथमिक रंगाला २५६ पायऱ्या असतात, फोर-के डिस्कवर १०२४. ब्लू-रेवर धुक्यात जे पुसट पट्टे दिसू शकतात ते इथे नाहीसे होतात आणि रंग खरोखर विरघळताना दिसतो. याच बॅलेत कार्डिफने उड्यांच्या वेळी कॅमेऱ्याची गती बदलली, म्हणून नर्तक हवेत क्षणभर अडखळल्यासारखे तरंगतात. ते जपायचं असेल तर टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय आधी बंद करा. ती चालू राहिली तर टीव्ही दोन चौकटींच्या मधे स्वतःच्या चौकटी घुसवतो आणि तो तरंगता क्षण मरतो.

बाकीची मांडणीही आत्ताच सांगितलेली बरी. प्लेअरमध्ये २४ चौकटींचं आउटपुट चालू ठेवा. चित्राची तीक्ष्णता शून्यावर किंवा टीव्हीच्या तटस्थ खुणेवर आणा. ती वाढवली की कडांभोवती पांढरी रेघ उमटते आणि जीर्णोद्धाराने घालवलेली किनार तुम्हीच परत आणता. ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड निवडा. ‘व्हिव्हिड’मध्ये लाल रंग इतका पेटतो की बुटाचा घाटच हरवतो. कण घालवणारी नॉइज रिडक्शनही बंद ठेवा, कारण तो बारीक कण फिल्मचाच आहे.

आणि चित्राचा आकार. हा सिनेमा १.३७ : १ या प्रमाणात आहे. आजच्या रुंद टीव्हीवर तो साधारण ७७ टक्के रुंदी व्यापतो आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. त्या तशाच असायच्या. झूम करून पडदा भरला तर उंचीतला जवळजवळ चौथा हिस्सा कापला जातो, आणि पूर्णाकृती दृश्यात वरून डोकं आणि खालून पाऊल जातं. बुटांवरच्या सिनेमात पाऊल कापलं गेलं तर उरलं काय? चित्र ताणून बसवणं तर त्याहून वाईट, नर्तकी जाड दिसतात.

उणिवा आहेत. एका दृश्यातून दुसरं उमलतं तिथे किंवा एकावर एक प्रतिमा चढवल्या आहेत तिथे चित्र एकदम मऊ आणि अधिक कणदार होतं, आणि दृश्य बदलून झालं की पुन्हा स्वच्छ. या जागा त्या काळी निगेटिव्हवरून नवी नक्कल काढून केल्या जात, त्यामुळे त्या एक-दोन पिढ्या दूरच्या आहेत. बॅलेत अशा जागा भरपूर आहेत. खटकतात, पण त्यांवर रंधा मारून त्या गुळगुळीत केल्या नाहीत हे योग्यच झालं. आवाज एकाच वाहिनीचा, प्रकाशीय ध्वनिपट्टीवरून आलेला. ८ हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नाही, तारवाद्यं चढली की थोडी कर्कश होतात. ब्रायन ईझडेलच्या संगीताला ऑस्कर मिळालं आणि बॅलेचं संगीत थॉमस बीचमने रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं आहे, तेव्हा ते नीट ऐकू यायला हवं. आवाज फक्त मधल्या स्पीकरमधून किंवा दोन्ही बाजूंनी सारखा सोडा. कृत्रिम सराउंडमुळे वाद्यवृंद विहिरीत बसल्यासारखा वाटतो.

जुन्या ब्रिटिश डीव्हीडीचा सर्वांत मोठा दोषही आवाजातच आहे. युरोपच्या पाल या टीव्ही-पद्धतीत सिनेमा सेकंदाला २५ चौकटींनी धावतो, म्हणजे सुमारे ४ टक्के जलद. १३४ मिनिटांचा सिनेमा १२९ मिनिटांच्या आत संपतो आणि सूर सुधारून घेतला नसेल तर अख्खा वाद्यवृंद अर्ध्या स्वराहून थोडा कमी चढतो. अर्धा स्वर म्हणजे पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर. कान तयार असेल त्याला हे पहिल्या मिनिटात बोचतं. नर्तकांच्या गिरक्याही तेवढ्याच घाईने संपतात.

हाच हिशेब त्या काळच्या इतर ब्रिटिश सिनेमांनाही लावावा. १९४९च्या ‘द थर्ड मॅन’ची ब्रिटिश प्रत १०४ मिनिटांची आहे, अमेरिकेत दाखवलेली ९३ मिनिटांची. डीव्हीडीवर १०० मिनिटं लिहिलेली दिसली तर घाबरू नका, ती पूर्ण प्रतच पाल गतीने धावते आहे. ९३ किंवा ८९ दिसलं तर मात्र ठेवून द्या. मिनिटं वाचायची सोय नसेल तर सुरुवातीचं निवेदन ऐका: ब्रिटिश प्रतीत ते दिग्दर्शक कॅरल रीडच्या आवाजात आहे, अमेरिकन प्रतीत जोसेफ कॉटनच्या. ईलिंग स्टुडिओच्या ‘काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स’मध्ये पाहायचा तो शेवटच्या काही सेकंदांतला फरक. अमेरिकेसाठी शेवट वाढवून घेतला गेला आणि मूळ शेवटातली टांगती तलवारच काढून टाकली गेली. तिथे डिस्कच्या तपशिलात ब्रिटिश शेवट असल्याचं लिहिलेलं हवं.

परत ‘द रेड शूज’कडे. फोर-के डिस्क कुठल्याही प्रदेशाच्या प्लेअरवर चालते, मात्र संचातली ब्लू-रे ए प्रदेशाची, म्हणजे अमेरिकेतल्या प्लेअरसाठी बांधलेली आहे. ब्रिटनमधल्या बी प्रदेशाच्या प्लेअरवर ती उघडणार नाही. बहुतेक पुरवणी त्याच ब्लू-रेवर असल्याने ही अडचण मोठी आहे. चित्रपट इतिहासकार इयन क्रिस्टी यांचं समालोचन संचात आहे, त्यात शियरर, कार्डिफ, अभिनेता मारियस गोरिंग, ईझडेल यांच्या मुलाखतींचे तुकडे गुंफलेले आहेत. स्कोर्सेसी यांनी समजावून सांगितलेलं जीर्णोद्धाराचं प्रात्यक्षिक आहे. ते आधी पाहिलं तर वर सांगितलेली बुरशी आणि किनार डोळ्यांना दिसते. हेक्रोथने रंगवलेली बॅलेची चित्रं दाखवणारा भाग तर त्या एकट्यासाठी संच घ्यावा असा. पॉवेल यांच्या पत्नी आणि स्कोर्सेसी यांच्या सिनेमांच्या संकलक थेल्मा शूनमेकर यांची मुलाखतही आहे.

२०१०ची क्रायटेरियन ब्लू-रे घरात असेल आणि टीव्ही ४३ इंचांच्या आतला असेल तर नवा खर्च करायची गरज नाही. दोन्हींच्या मुळाशी तोच २००९चा जीर्णोद्धार आहे, नेहमीच्या अंतरावरून फरक ओळखणं कठीण. ५५ इंचांच्या वरचा टीव्ही किंवा प्रोजेक्टर असेल तर फोर-के घ्यावी, धुक्यातल्या त्या छटांसाठी. आणि फक्त पाल डीव्हीडी असेल तर ब्लू-रे असो वा फोर-के, दोन्हींपैकी जी आधी हाती लागेल ती घ्यावी.