खचलेल्या नाकासाठी कूर्चा कुठली घ्यावी : पणजीतील एका क्लिनिकचा अनुभव

माझ्या धाकट्या बहिणीच्या नाकाचा वाकडा पडदा श्वासाच्या त्रासामुळे पूर्वी एकदा सरळ करून घेतला होता आणि त्यानंतर नाकाचा दांडा मधोमध खचत गेला. लग्न ठरल्यावर तिने तो उचलून घ्यायचे ठरवले आणि आम्ही फोंड्याहून पणजीतील एका खासगी क्लिनिकमध्ये गेलो. पुढे एक तक्रारही असल्यामुळे क्लिनिकचे नाव देत नाही.

सर्जनने आरशापुढे बसवून सुंदर नाकांचे फोटो दाखवले नाहीत, हे मला आवडले. त्यांनी कापसाची काडी नाकपुडीत घालून पडदा ठिकठिकाणी हलकेच दाबून पाहिला. खचलेला दांडा उचलायला आधार म्हणून कूर्चेचा (कार्टिलेज, म्हणजे हाडापेक्षा मऊ पण आकार धरून ठेवणारा भाग) तुकडा लागतो. पडद्यात ती असेल तिथे काडीला विरोध होतो आणि काढलेली असेल तिथे पडदा लुळा लागतो. पडद्याची कूर्चा सरळ, ताठ आणि त्याच जखमेतून मिळणारी असल्यामुळे पहिली पसंती तिलाच असते, मात्र नाकाला आधार म्हणून तिची वरची आणि पुढची कड सुमारे 1 सेंटिमीटर रुंद ठेवावीच लागते. बहिणीच्या नाकात या कडांपलीकडे घेण्याजोगे काही उरले नव्हते.

मग प्रश्न कानाची कूर्चा, बरगडीची कूर्चा की सिलिकॉन, असा होता. कानाची कूर्चा कानामागून काढतात, व्रण दिसत नाही आणि कानाचा आकारही सहसा बदलत नाही. पण ती मुळातच वळणदार आणि लवचीक असल्यामुळे शेंड्याला किंवा नाकपुडीच्या कडेला शोभते, खचलेला दांडा तोलून धरायला अपुरी पडते. सिलिकॉन तयार मिळते, दुसरी जखम होत नाही आणि वेळही वाचतो. स्वागतकक्षातील समन्वयक बाई म्हणूनच त्याची भलामण करत होत्या. सर्जनचे म्हणणे मात्र वेगळे होते : शरीर त्याभोवती आवरण तयार करते, त्याला आपल्यात सामावून घेत नाही, त्यामुळे पातळ त्वचेखाली ते वर्षांनंतरही बाहेर डोकावू शकते आणि जंतुसंसर्ग झाला तर बहुधा काढूनच टाकावे लागते. बहिणीची त्वचा पातळ, त्यात पूर्वीच्या शस्त्रक्रियेचे व्रण. बरगडीच योग्य, हे मला पटले.

बरगडीचे तोटेही त्यांनी झाकून ठेवले नाहीत. छातीवर व्रण राहतो (बायकांत तो स्तनाखालच्या घडीत लपवता येतो), फुप्फुसाच्या आवरणाला छिद्र पडण्याचा धोका लहान असला तरी असतो, वय वाढल्यावर ही कूर्चा कॅल्शियम साठून कडक होते आणि कोरलेला तुकडा पुढे वाकू शकतो. त्यासाठी ते तुकडा बरगडीच्या गाभ्यातून, दोन्ही बाजू समतोल ठेवून कोरतात आणि बसवण्याआधी काही वेळ सलाइनमध्ये ठेवतात, म्हणजे वाकायचा असेल तर तो टेबलावरच वाकतो. आईने नथीचे विचारले, तेव्हा हसण्यावारी न नेता त्यांनी सांगितले की नव्याने नाक टोचणे तूर्त नको, दाबाची नथही सूज उतरल्यावर विचारूनच घालावी, आणि शेंड्याची सूज पूर्ण ओसरायला वर्षभरही लागते.

शस्त्रक्रिया नीट झाली. नाकापेक्षा छातीच अधिक दुखली. खोकताना आणि हसताना उशी धरावी लागे. दांडा आता सरळ दिसतो, श्वासही मोकळा आहे.

तक्रार कागदपत्रांची आहे. खर्चाच्या अंदाजात ‘ग्राफ्ट’ (म्हणजे नाकात बसवायचा तुकडा) एवढाच एक आकडा होता. बरगडी काढण्याचा आणि जादा भुलीचा खर्च त्यात धरला आहे की नाही, हे विचारल्याशिवाय कळले नाही. डिस्चार्ज कार्डावरही कुठली कूर्चा नाकात कुठे बसवली याची नोंद नव्हती. पुन्हा कधी नाक उघडायची वेळ आली तर नव्या सर्जनला पहिल्यांदा हीच माहिती लागेल. आम्ही शस्त्रक्रियेच्या टिपणाची प्रत मागितली, तेव्हा ती मिळाली, पण त्यासाठी फोंड्याहून पुन्हा जावे लागले.