ब्लाइंड्सच्या मापात पाप

घराच्या खिडक्यांना कापडी पडद्यांऐवजी ब्लाइंड्स बसवू इच्छिणाऱ्यांनी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी हा अनुभव वाचावा. पुण्यातील आमची पश्चिमाभिमुख सदनिका, रत्नागिरीजवळचे आई-वडिलांचे कौलारू घर आणि कसबा पेठेतील काकांच्या जुन्या वाड्यातील दोन खोल्या, अशा परस्परांशी काहीही साम्य नसलेल्या तीन घरांचे काम आम्ही एकाच विक्रेत्याकडे सोपवले, कारण एकत्रित ऑर्डरवर त्याने दरात सूट देऊ केली होती. तक्रार अद्याप पूर्णपणे निकाली निघालेली नसल्याने त्याचे नाव येथे देत नाही.

ब्लाइंड्सची आकारणी चौरस फुटांवर होते आणि खरी मेख तिथेच असते. आमच्या शयनगृहाची खिडकी 43 इंच रुंद आणि 51 इंच उंच आहे. याचा गुणाकार 2193 चौरस इंच होतो. त्याला 144 ने भागले की सुमारे सव्वापंधरा चौरस फूट येतात. बिलात मात्र 4 फूट गुणिले साडेचार फूट, म्हणजे 18 चौरस फूट लावले होते. विचारणा केल्यावर 'चारी बाजूंनी कापड जास्त घ्यावे लागते' असे उत्तर मिळाले. चौकटीच्या बाहेरून बसवायच्या ब्लाइंडला तसे घ्यावे लागतेही. पण आमचे ब्लाइंड चौकटीच्या आत बसवलेले होते आणि टेप लावून पाहिले तेव्हा त्याची रुंदी 43 इंचांहून किंचित कमीच भरली. जे कापड आलेच नाही, त्याचे पैसे प्रत्येक खिडकीमागे घेतले गेले. न्हाणीघराच्या 2 फूट गुणिले 2 फुटांच्या झरोक्याला तर 'किमान आकारणी' म्हणून 15 चौरस फुटांचा दर लागला. किमान आकारणीची प्रथा या धंद्यात आहे आणि ती आधी सांगितली असती तर तिला फसवणूक म्हटले नसते. आम्हाला तिचा पत्ता अंतिम बिलातच लागला.

कापडाबाबत दाखवायचे दात वेगळे निघाले. पूर्ण अंधार करणारे म्हणून दाखवलेल्या नमुन्याच्या पाठीमागे पांढरा जाड लेप होता. प्रत्यक्षात बसवले गेले ते त्याच रंगाचे, बिनलेपाचे कापड. मोबाइलचा टॉर्च मागे धरला की नमुन्यातून प्रकाशाचा ठिपकाही दिसत नव्हता, आणि बसवलेल्या कापडातून विणीचा धागान् धागा दिसत होता. नमुन्याचा तुकडा मागून घ्यावा, त्यावर विक्रेत्याची सही घ्यावी आणि माल आल्यावर दोन्हींमागे टॉर्च धरावा. शिवाय या ब्लाइंड्समुळे दुपारी एसी लावावाच लागणार नाही, अशी बतावणी त्याने केली होती. ऊन एकदा काचेतून आत आले की आतल्या कापडाने उष्णता थोडीफारच रोखली जाते. पश्चिमेच्या खिडकीला छज्जा किंवा बाहेरून टाकलेली बांबूची चिक अधिक उपयोगी पडते. चिकेत अर्थात त्याला फारसा नफा नव्हता.

रत्नागिरीच्या घरासाठी आम्ही आडव्या पट्ट्यांचे ब्लाइंड निवडले होते, कारण खाऱ्या, दमट हवेत कापडाला बुरशी धरते आणि खऱ्या लाकडाच्या पट्ट्या वाकतात. 'संपूर्ण अ‍ॅल्युमिनियम' असे कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिले होते. पट्ट्या तशा होत्याही. मात्र ज्या वरच्या पट्टीत सगळी यंत्रणा असते, ती रंग दिलेल्या लोखंडी पत्र्याची निघाली. पहिल्याच पावसाळ्यात तिच्या टोकांतून तांबड्या गंजाचे ओघळ भिंतीवर उतरले. फ्रिजवरचे साधे लोहचुंबक तिला घट्ट चिकटते. ते बसवण्याच्या दिवशीच लावून पाहायला हवे, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात येणार?

वाड्यातील प्रकार फसवणुकीपेक्षा बेफिकिरीचा म्हणावा लागेल, पण पैसे त्याचेही पूर्ण घेतले गेले. तिथल्या खिडक्यांची दारे आत उघडतात. माप घ्यायला आलेल्या माणसाने एकही खिडकी उघडून पाहिली नाही आणि रोलर ब्लाइंड थेट चौकटीवर ठोकले, त्यामुळे ब्लाइंड खाली असताना खिडकी उघडत नाही आणि उघडी खिडकी झाकता येत नाही. अशा खिडकीला प्रत्येक दारावरच दांडीला ओवलेला अर्धा पडदा लावायचा, ही जुन्या घरांतली पद्धत काकूंना ठाऊक होती; विक्रेत्याने तिला 'जुनाट' म्हणून बोळवले.

तक्रार केल्यावर 'मापानुसार बनवलेला माल परत घेत नाही' हे एकच पालुपद ऐकू आले. पक्के बिल कधीच मिळाले नाही. कच्च्या कागदावर जीएसटीची रक्कम लावलेली होती आणि 27 या महाराष्ट्राच्या संकेतांकाने सुरू होणारा 15 अंकाक्षरांचा क्रमांकही होता. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकल्यावर नोंदणी रद्द झाल्याचे आढळले. पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खासगी खात्यात गेले होते. त्या व्यवहारांच्या नोंदी, कोटेशन, नमुन्याचे आणि बसवलेल्या ब्लाइंडचे टेपसह काढलेले फोटो, एवढाच पुरावा आमच्या हाती होता आणि तो पुरेसा ठरला. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यानंतर विक्रेता बोलू लागला, कारण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही स्वतंत्रपणे अनुचित व्यापारी प्रथा ठरते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि दिलेली किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास त्यासाठी शुल्कही लागत नाही, हे त्याला लेखी कळवल्यावर वाढीव मापाचे पैसे परत आले. कापड आणि रत्नागिरीची लोखंडी पट्टी या दोन बाबींवर तो अजून उडवाउडवी करतो आहे, आणि आयोगाकडे द्यायच्या अर्जात आता तेवढेच दोन मुद्दे उरले आहेत.