‘आयटीआय समकक्ष’

मी स्वतः आयटीआय केलेला माणूस. 1996 ला सांगलीच्या शासकीय आयटीआयमधून फिटर, मग वर्षभर किर्लोस्करवाडीत ॲप्रेंटिस. तरी माझ्या डोळ्यांदेखत भाच्याला गंडवलं, आणि त्याला त्या ऑफिसात घेऊन जाणारा मीच होतो. म्हणून हे लिहितोय.

2022 ला तो दहावी झाला, 54 टक्के. त्याला इलेक्ट्रिशियनच करायचं होतं आणि त्या ट्रेडची यादी वरच्या टक्क्यांवरच बंद व्हायची. दोन फेऱ्या गेल्या, नाव नाही. वेल्डर मिळत होतं, पण पोरगं हटून बसलं. तेवढ्यात एसटी स्टँडजवळ मोबाईलच्या दुकानावर पाटी दिसली: ‘इलेक्ट्रिशियन, एका वर्षात, सरकारमान्य’.

वर टेबलामागे एक बाई होत्या. मी रुबाबात विचारलं, “एनसीव्हीटी आहे का?” म्हणजे व्यवसाय प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेची मान्यता. त्या हसल्या. “सर, तुमच्या वेळचं एनसीव्हीटी आता राहिलं नाही. नवीन परिषद आलीय. दोन वर्षांचा ट्रेड आता एका वर्षात होतो.”

यातलं पहिलं अर्धं खरं होतं. जुनी परिषद नव्या परिषदेत विलीन करायचा निर्णय 2018 सालचा, मी पेपरात वाचलेला. त्यामुळे दुसरं अर्धंही घशाखाली उतरलं. नुसतं खोटं असतं तर मी ओळखलं असतं. प्रत्यक्षात परिषदेचं नाव बदललं तरी आयटीआयची परीक्षा केंद्राचं प्रशिक्षण महासंचालनालयच घेतं, आणि इलेक्ट्रिशियन आजही दोन वर्षांचाच आहे.

भिंतीवर चार फ्रेमा होत्या. 1860 च्या कायद्याखालची सोसायटी नोंदणी, उद्यम नोंदणी, आयएसओ, आणि नीति आयोगाच्या पोर्टलवरच्या नोंदीचा कागद. चारही कागद अस्सल असतील, मला शंका नाही. पण उद्यम नोंदणी पिठाच्या गिरणीलाही मिळते आणि सोसायटी भजनी मंडळाचीही असते. ट्रेड शिकवायची परवानगी त्यातल्या एकातही नव्हती. अशोकस्तंभ दिसला की आपण पुढचं वाचत नाही.

फी 48 हजार. बहिणीनं भिशी आधीच उचलली. पावती आली ती वेगळ्याच ट्रस्टच्या नावाची, आणि त्यावर ‘फी’च्या जागी ‘देणगी’. बहिणीनं मला फोनवर वाचून दाखवली होती. मी म्हणालो, “असतं गं तसं.”

पोरगं रोज सकाळी डबा घेऊन जायचं. एका लाकडी फळीवर सहा स्विच, एक होल्डर, तीस मुलं. वाइंडिंग नसलेली एक मोटर. इन्सुलेशन तपासायचा मेगर काचेच्या कपाटात, कुलूप लावून. हे त्यानं मला नंतर सांगितलं, आधी मी विचारलंच नव्हतं. वर्षअखेरीला प्रथम श्रेणीचं प्रमाणपत्र मिळालं, बहिणीनं ते फ्रेम करून देवघराशेजारी लावलं.

2023 च्या दिवाळीत आम्ही सगळे गावी होतो. विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटर सुरूच होईना, नुसती घूं घूं करत होती. मेव्हणे कौतुकानं म्हणाले, “बघ रे, आता घरचाच इलेक्ट्रिशियन आहे.” भाचा स्टार्टरचं झाकण उघडून उभा राहिला. टेस्टर हातात, पण तो कुठं लावायचा हे त्याला कळेना. कानापर्यंत लाल झाला होता. शेवटी सातवी शिकलेले मेव्हणेच पुढे झाले, “एक फेज गेलाय,” म्हणाले, मेन पाडला, किटकॅट फ्यूज उपसून तार घातली आणि पाणी चालू केलं. कुणी काही बोललं नाही.

त्या रात्री मी फ्रेम उतरवून प्रमाणपत्र पहिल्यांदा नीट वाचलं. प्रशिक्षण कालावधी ऑगस्ट 2021 ते जुलै 2023. ऑगस्ट 2021 ला हा पोरगा दहावीच्या वर्गात बसला होता!

तरी आशा सुटत नाही. त्याला कुपवाड एमआयडीसीत ओळखीच्या कारखान्यात ॲप्रेंटिससाठी नेलं. तिथल्या माणसानं कागद उलटसुलट केला. “काका, संस्थेचा कोड कुठंय?” महाराष्ट्रातल्या आयटीआयच्या कोडमध्ये सरकारी असेल तर सुरुवातीला ‘जी’, खासगी असेल तर ‘पी’, आणि पुढे राज्याचा आकडा 27 येतो, हे मला त्या दिवशी कळलं. कोड नाही तर आयटीआयच्या सरकारी पोर्टलवर नाव नाही, नाव नाही तर रेल्वेत, महावितरणात कुठंच हा कागद चालणार नाही. खासगी आयटीआयसुद्धा व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेशाच्या साइटवर दिसते. मी ती साइट दोन फेऱ्यांत वीस वेळा उघडली होती, पण या संस्थेचं नाव तिथं शोधायचं काही सुचलं नाही.

संस्थेत जाऊन भांडलो. संचालक शांत. “आम्ही आयटीआय कुठं म्हणालो? आयटीआय समकक्ष म्हणालो.” मग प्रवेशाचा फॉर्म काढला. मागच्या पानावर बारीक अक्षरात छापलेलं: हा अभ्यासक्रम स्वयंरोजगारासाठी असून शासकीय नोकरीस पात्र असल्याचा दावा संस्था करत नाही. खाली मेव्हण्यांची सही, आणि साक्षीदार म्हणून माझी.

पोलिसांत अर्ज दिला. तिथं तो फॉर्म बघून ‘दिवाणी बाब’ म्हणाले. पैसे सोडूनच दिले.

पण खरी गाठ पुढे बसली. प्रवेशाच्या वेळी ‘ऑफिसला लागतो’ म्हणून त्यांनी शाळेचा मूळ दाखला ठेवून घेतला होता. 2024 ला शासकीय आयटीआयत वायरमनला त्याचा नंबर लागला, तेव्हा तो दाखला हवा होता. चार हेलपाटे घातले. पाचव्या वेळी त्या बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. ‘माझी संस्थेविरुद्ध कोणतीही तक्रार नाही’ असं भाच्याच्या हस्ताक्षरात लिहून पाहिजे होतं. प्रवेश निश्चित करायला दोन दिवस उरले होते. भाच्यानं माझ्याकडे बघितलं, मी खिशातलं पेन काढून दिलं.