वारस नोंदीच्या नावाखाली लिहून घेतलेले हक्कसोडपत्र

माझे दाजी मृत्युपत्र न करता वारले. करवीर तालुक्यातली त्यांची उसाची जमीन त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतली होती. मागे ताई, दोन मुली आणि दाजींची वृद्ध आई. दिवसकार्य आटोपताच दिराने ताईला सांगितले, की सर्वांची नावे सातबाऱ्यावर लावायची आहेत आणि त्यासाठी कोल्हापुरात येऊन सह्या कराव्या लागतील. प्रत्यक्षात त्याने ताईला, थोरल्या मुलीला आणि आपल्या आईला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेले, फोटो आणि अंगठे झाले, आणि ताई व मुलींनी आपला हिस्सा सासूबाईंच्या नावे सोडल्याचे हक्कसोडपत्र नोंदले गेले. पुढे सासूबाईंनी तीच जमीन बक्षीसपत्राने दिराला दिली. पीककर्जासाठी सातबारा काढला तेव्हा ताईला त्यावर स्वतःचे नाव दिसले नाही.

वारस नोंदीसाठी दुय्यम निबंधकाकडे जावेच लागत नाही, ही एक गोष्ट ताईला आधी कोणी सांगायला हवी होती. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन अर्ज तलाठ्याकडे करायचा असतो. नोटिसा निघतात, हरकतीसाठी मुदत मिळते आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. नोंदणी कार्यालयात तुमचा फोटो आणि अंगठा घेतला जात असेल, तर बहुधा तुम्ही काहीतरी देत किंवा सोडत आहात.

मुलगा नाही म्हणून भाऊ वारस, ही गावात सर्रास सांगितली जाणारी गोष्ट साफ खोटी आहे. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे विधवा, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. येथे चौघींचा प्रत्येकी एक चतुर्थांश हिस्सा होता, आणि पहिल्या वर्गातली एकही व्यक्ती हयात असेपर्यंत भावाला वारसा मिळत नाही. म्हणूनच दिराने कागद आईच्या नावावरून फिरवला. पतसंस्थेतील ठेवीवर आपले नामनिर्देशन आहे, तेव्हा ती रक्कम आपलीच, असेही तो म्हणत होता. नामनिर्देशित व्यक्तीने पैसे स्वीकारले म्हणून ती मालक ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीत २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले आहे.

धाकटी मुलगी अज्ञान (अठरा वर्षांखालील) असून तिच्या वतीने ताईचीच सही घेतली गेली होती. अज्ञान मुलाची स्थावर मिळकत अशी सोडून देण्यास न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते आणि ती घेतलेली नव्हती. आमच्या वकिलांच्या मते दाव्याचा हा सर्वांत भक्कम आधार आहे. फसवणुकीने झालेला दस्त रद्द करून घेण्याची मुदत ती कळल्यापासून तीन वर्षे असते, त्यामुळे दस्ताची प्रमाणित प्रत हाती येताच आम्ही दिवाणी न्यायालयात दावा दाखल केला आणि जमीन पुढे विकली जाऊ नये म्हणून मनाई हुकूमही मागितला आहे.