स्पॅनिश स्ट्रायकर फर्नांडो टोरेस आठवायचा तर कोणता: लिव्हरपूलचा की चेल्सीचा?

गोल पाहिले तर तुलनाच नको. लिव्हरपूलसाठी लीगमध्ये १०२ सामन्यांत ६५, चेल्सीसाठी ११० सामन्यांत २०. बचावपटूच्या पाठीमागून सुटणारी त्याची धाव २०१० च्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मंदावली. चेल्सीने त्याच्यासाठी ५ कोटी पौंड मोजले ते त्यानंतर, जानेवारी २०११ मध्ये.

करंडकांचा हिशेब मात्र उलटा. लिव्हरपूलमध्ये एकही नाही. चेल्सीत एफए कप, चॅम्पियन्स लीग, युरोपा लीग. शिवाय २०१२ च्या चॅम्पियन्स लीग उपांत्य फेरीत बार्सिलोनाविरुद्धचा भरपाई वेळेतला तो गोल! (अपयशी म्हणणारे तो सोयीने विसरतात.)

स्ट्रायकरची धाव शिकायची असेल, तर मार्च २००९ मध्ये लिव्हरपूलने ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ४-१ ने जिंकलेला सामना बघा. मोठ्या रात्री हव्या असतील, तर चेल्सीचाच टोरेस.