डिस्क घ्यावी की ओटीटीवर भागवावं? सोलापुरातल्या घरासाठी हिशेब

मोठा टीव्ही घेऊन झाला आहे आणि आता ब्लू-रे (डीव्हीडीसारखीच, पण कितीतरी जास्त माहिती मावणारी डिस्क) चालवणारा प्लेअर घ्यावा की ओटीटीचा वरचा प्लॅन, एवढाच प्रश्न उरला आहे, अशांसाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. टीव्ही किती इंची आहे यावरून ठरवू नका. ज्या खोलीत सिनेमा बघणार, ती किती अंधारी होते आणि किती शांत होते, हे बघा. सोलापुरात अंधार पडद्यांनी करता येतो. शांतता मिळवणं जास्त अवघड आहे.

चित्र

आपल्याकडच्या डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं, ब्लू-रेचं १९२० बाय १०८०. म्हणजे बरोबर पाचपट. फोर-के डिस्क त्याच्याही चौपट. आता १०८० आणि फोर-के हे दोन्ही आकडे ओटीटीवरही दिसतात, मग डिस्कवर वेगळं काय मिळतं? त्याच ठिपक्यांसाठी कितीतरी जास्त माहिती. नेटफ्लिक्स फोर-केसाठी सेकंदाला १५ मेगाबिटची लाइन पुरेशी मानतं. तो सगळा वेग वापरला तरी दोन तासांच्या सिनेमाला साडेतेरा जीबी लागतात. दोन थरांच्या साध्या ब्लू-रेवर ५० जीबी मावतात आणि फोर-के डिस्कवर ६६ किंवा १००.

पण ही जास्तीची माहिती प्रत्येक सिनेमात डोळ्यांना जाणवते असं नाही. दिवसाउजेडी घडणाऱ्या कौटुंबिक सिनेमात चांगलं स्ट्रीमिंग आणि डिस्क यांतला फरक तुम्हाला शोधावा लागेल. रात्रीचे प्रसंग, धूर, धुकं, पाऊस, पाण्याखालचं चित्रण, किंवा फिल्मवर चित्रित झालेल्या जुन्या सिनेमाचा बारीक रवा, इथे तो लगेच दिसतो. ओटीटीवर काळोखात चौकोनी डाग आणि पट्टे उमटतात, चेहऱ्यावरचा पोत मेणासारखा गुळगुळीत होतो. डिस्कवर काळोख एकसंध राहतो आणि त्यातली माणसं वेगळी ओळखू येतात.

डिस्कचा विचार करण्याआधी आपला प्लॅन मात्र तपासा. नेटफ्लिक्सचा बेसिक प्लॅन ७२०पी (१२८० बाय ७२० ठिपके) पर्यंतच चित्र देतो, फोर-के फक्त प्रीमियममध्ये मिळतं. बऱ्याच घरांत टीव्हीला दोष दिला जातो आणि कारण प्लॅनमध्ये असतं.

आवाज

माझ्या लेखी डिस्क घेण्याचं पहिलं कारण आवाज आहे. ब्लू-रेवर डॉल्बी ट्रू-एचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ असतो. हे दोन्ही प्रकार आवाज दाबून साठवतात, पण त्यातलं काही गाळत नाहीत. स्टुडिओत जे ध्वनिमिश्रण पक्कं झालं, तेच घरी उलगडतं. ओटीटीवर साधारणपणे डॉल्बी डिजिटल प्लस असतो, आणि तिथला ॲटमॉसही (आवाज सगळ्या बाजूंनी आणि वरूनही आल्यासारखा भासवणारी डॉल्बीची पद्धत) त्यावरच बसवलेला असतो. त्यात जागा वाचवण्यासाठी आवाजाचा काही भाग टाकून दिलेला असतो. कुजबुज, दूरचा रेल्वेचा आवाज, पावसाआधीची स्तब्धता आणि मग कोसळणारी सर, यांच्यातली उंचसखल डिस्कवर जशी कळते तशी तिथे कळत नाही.

टीव्हीच्या आतल्या स्पीकरवर ऐकणार असाल तर वरचा सगळा परिच्छेद सोडून द्या, तिथे हा फरक पोचतच नाही. साउंडबार टीव्हीमार्फत जोडणार असाल तर टीव्ही आणि साउंडबार दोन्हीवर ‘ई-आर्क’ (टीव्हीतून पूर्ण आवाज साउंडबारकडे नेणारी एचडीएमआय जोडणी) लिहिलेलं हवं. जुन्या साध्या ‘आर्क’मधून हा पूर्ण आवाज जात नाही. साउंडबारला किंवा एव्ही रिसीव्हरला (वेगवेगळ्या स्पीकरांना आवाज वाटणाऱ्या यंत्राला) स्वतःचं एचडीएमआय इनपुट असेल तर प्लेअर थेट त्यालाच जोडा, सगळ्यात कमी त्रास.

आता सोलापूरची गोष्ट. मार्चच्या मध्यापासून जूनचा पाऊस येईपर्यंत आपल्याकडे कूलरशिवाय बसवत नाही. खिडकीतला लोखंडी कूलर सुरू झाला की कुजबुजीचे प्रसंग संपले. आवाज वाढवावा तर पुढच्याच स्फोटाला शेजारी दार वाजवतात. पूर्व भागात राहत असाल आणि भिंतीपलीकडे यंत्रमाग चालत असतील, तर बाराही महिने हाच प्रश्न. अशा खोलीत बिनगाळ आवाजावर पैसे घालू नका. एसीची बंद खोली असेल, किंवा तुमचं सिनेमा बघणं मुख्यतः गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या आगेमागे, थंडीच्या रात्रींत होत असेल, तर डिस्कचं खरं सुख मिळेल. त्या रात्री दारं-खिडक्या लावून, पंखाही बंद करून बघितलेला सिनेमा थिएटरच्या जवळ जातो, हे मी अनुभवाने सांगतो.

डिस्कच्या कटकटी

त्या आहेत, आणि रोज जाणवणाऱ्या आहेत. ओटीटीवर बटण दाबलं की सिनेमा सुरू. डिस्क आत गेली की प्लेअर आधी ती वाचत बसतो, मग कंपन्यांची बोधचिन्हं, कायद्याच्या सूचना, कधी जुन्या सिनेमांची ट्रेलर, आणि यातलं काही पुढे ढकलताच येत नाही. पैसे मोजून विकत घेणाऱ्यालाच चोरीविरुद्धची सूचना दर वेळी वाचावी लागते, याचा मला मनापासून राग आहे.

त्याहून मोठा त्रास वीज गेल्यावर होतो. अनेक ब्लू-रेंचे मेनू जावा या प्रोग्रामिंग भाषेवर चालतात आणि अशा पुष्कळ डिस्क प्लेअर बंद झाला की कुठे थांबलो होतो ते विसरतात. वीज दोन मिनिटांनी आली तरी पुन्हा सूचना, पुन्हा मेनू, पुन्हा प्रसंग शोधणं. म्हणून प्लेअर आणि टीव्ही दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.

विभागाचं कुलूप ही तिसरी कटकट. ब्लू-रेच्या जगाचे तीन भाग केले आहेत. भारत ‘सी’मध्ये, अमेरिका आणि जपान ‘ए’मध्ये, युरोप आणि ऑस्ट्रेलिया ‘बी’मध्ये. परदेशातून नातेवाइकांकडून डिस्क मागवाल तर डब्याच्या मागची खूण वाचून मागवा. पुष्कळ डिस्क तिन्ही भागांत चालतात, सगळ्या नाही. फोर-के डिस्कला हे कुलूप नसतं, पण त्याच डब्यातली जोडीची साधी ब्लू-रे कुलूपबंद असू शकते.

चौथी गोष्ट फर्मवेअरची, म्हणजे प्लेअरच्या आतल्या सॉफ्टवेअरची. डिस्कवरच्या कुलपांच्या किल्ल्या बदलत राहतात, त्यामुळे जुना प्लेअर अपडेट केला नाही तर नवी डिस्क नाकारू शकतो. इंटरनेटची वायर जोडा किंवा फाइल पेनड्राइव्हवर घेऊन अपडेट करा.

धुळीला घाबरून मात्र डिस्क टाळू नका. ब्लू-रेचा माहितीचा थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असतो, म्हणूनच तिच्यावर कडक लेप दिलेला असतो आणि ती डीव्हीडीइतकी पटकन ओरखडत नाही. पुसायची तर मऊ कापडाने मधून कडेकडे, गोल गोल नाही. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

ओटीटीच्या कटकटी

त्या रोज दिसत नाहीत, पण वर्मी लागतात. एचबीओच्या मालिका ३१ मार्च २०२३ नंतर हॉटस्टारवरून गेल्या, पुढे जिओसिनेमावर आल्या, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही ॲप एक होऊन जिओहॉटस्टार झालं. प्रेक्षकाने काही न करता त्याची मालिका तीन पत्ते फिरून आली. प्राइम व्हिडिओवर जून २०२५ पासून भारतात जाहिराती लागतात. त्या नको असतील तर वेगळे पैसे. कपाटातल्या डिस्कला करार संपण्याची तारीख नसते, आणि तिच्यात तुमच्या परवानगीशिवाय जाहिरात घुसत नाही.

तरी घरात तेलुगू, कन्नड, मराठी असा तिन्ही भाषांचा राबता असेल, आणि आपल्याकडे तो असतोच, तर आई-वडिलांसाठी ओटीटीला पर्याय नाही. नवा तेलुगू सिनेमा आणि त्याचं हिंदी रूप तिथे लवकर येतं. मराठी सिनेमा ब्लू-रेवर शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही, आपलं भांडार व्हीसीडी-डीव्हीडीतच राहिलं. ब्लू-रे प्लेअर जुन्या डीव्हीडी चालवतो आणि चित्र थोडं सावरूनही दाखवतो. व्हीसीडी सगळे प्लेअर वाचतातच असं नाही.

मग घ्यायचं काय

वेगळा साउंडबार नसेल, खोली शांत होत नसेल, एकदा बघितलेला सिनेमा तुम्ही परत बघत नसाल, तर ओटीटीचा वरचा प्लॅन आणि चांगली फायबर लाइन घ्या. त्यात काही कमीपणा नाही. पण आवडता सिनेमा पुन्हा पुन्हा बघणाऱ्यांपैकी असाल आणि बंद होणारी खोली असेल, तर प्लेअर आत्ताच घ्या. ओप्पोने २०१८ मध्ये आणि सॅमसंगने २०१९ मध्ये नवे प्लेअर काढणं थांबवलं, पुढे एलजीही बाहेर पडली. थांबून निवड वाढणार नाही. घरात गेम खेळणारं कुणी असेल तर डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स फोर-के डिस्क चालवतो, मात्र डिस्कवरचं डॉल्बी व्हिजन (उजेड-काळोख आणि रंग प्रसंगागणिक जुळवणारी पद्धत) दोन्हीवर मिळत नाही, एचडीआर-१० या साध्या पद्धतीवर समाधान मानावं लागतं.

आणि जुना प्लेअर घेत असाल तर पहिली दहा मिनिटं बघून पैसे देऊ नका. थकलेला लेझर बऱ्याचदा दुसऱ्या थरावर अडखळतो. स्वतःची दोन थरांची डिस्क घेऊन जा, सिनेमाचा उत्तरार्ध चालवून बघा, रिमोट मूळचा आहे ना ते विचारा, आणि त्या मॉडेलची अपडेट फाइल कंपनीच्या साइटवर अजून मिळते का ते घरून निघण्याआधीच तपासा.